खेळातलं भांडण खेळाबाहेर

(श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात मंडळाच्या वाचनालय समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालय समितीचं कुणी बोलायला उभं राहिलं की सभागृहात चुळबुळ सुरू होते. लोकांना वाटतं, आता पुस्तकांसाठी वर्गणी मागणार. आज वर्गणी नाही. आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही प्रत्येक खेळात सापडणाऱ्या एका माणसाबद्दल. पत्त्यांच्या डावात तो असतो, भजनी मंडळात असतो, नाटकाच्या तालमीत असतो. त्याच्यामुळे डाव मोडतो, आणि त्याला काही म्हणायला जावं तर घरोबा मोडतो. अशा गड्याचं करायचं काय, एवढाच आजचा विषय.

विषय निघाला कसा ते आधी सांगतो. कॉलेजसाठी नागपूर-पुण्याला गेलेली आपली मुलं सुट्टीत घरी येताना एक नवा खेळ घेऊन आली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, ‘तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दाराशी आलात, आत उजेड दिसतो आहे, काय करता?’ मग ज्याने त्याने आपलं पात्र काय करेल ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो, आणि त्या फाशाला सहा नाही, वीस बाजू असतात.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा खेळ छापून विकायला आणला. २०१६ पासून ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली, तिच्यात मुलं हाच खेळ खेळताना दिसतात. आपल्या पोरांपर्यंत तो बहुधा तिथूनच आला असावा. आपल्या भागात ज्यांनी दंडार किंवा खडी गंमत पाहिली आहे त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. सोंग घ्यायचं, आणि समोरचा जे बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. फरक इतकाच की इथे प्रेक्षक नसतात आणि सगळं बसल्या जागी चालतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या खेळात बहुधा एकमेकांना हरवायचं नसतं. सगळी पात्रं एका बाजूची. जिंकलं तर सगळे, बुडालं तर सगळे.

आता मूळ प्रसंग. तो त्या सगळ्या मुलांना आणि संबंधित घरांना विचारूनच सांगतो आहोत. नावं घेणार नाही.

त्या टेबलावर एक मुलगा होता. हुशार, भरपूर वाचलेला, बोलका. त्याने पात्र घेतलं चोराचं. पण त्याचा चोर शत्रूच्या खजिन्यात हात घालायचा सोडून सोबतच्यांच्याच पिशव्या कापायचा. दुसऱ्याची पाळी असताना मधेच तोंड घालायचा. एक मुलगी या खेळात अगदी नवी होती. तिचं पात्र जे काही करेल त्याची टिंगल व्हायची. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, ‘मी कुठं काय केलं? माझं पात्रच तसं आहे.’

तिसऱ्या रविवारी ती मुलगी आली नाही. पाचव्या रविवारी आणखी एक जण गळाला. सूत्रधार झालेला मुलगा कंटाळला आणि त्याने कथेतच उट्टं काढलं. गुहेतून राक्षस बाहेर काढला आणि चोराला ठार करून टाकलं. फासासुद्धा टाकला नाही. चोराचा मालक टेबलावरून उठला, दार आपटून गेला. दुसऱ्या दिवसापासून ज्या दोन घरांत वीस वर्षं महालक्ष्म्यांचा स्वयंपाक एकत्र होत आला, त्या घरांतल्या बायका भाजीच्या दुकानात एकमेकींकडे न पाहता निघून जाऊ लागल्या.

उरलेली मुलं आमच्याकडे आली. म्हणाली, ‘त्याला काढून टाका, नाहीतर खोली बंद करा.’

या खेळाच्या जाणकारांमध्ये एक म्हण रूढ आहे: वाईट खेळापेक्षा खेळ नसलेला बरा. मोठ्या शहरात ती ठीक आहे. पुण्यात एका टेबलावर जमलं नाही तर दुसरं टेबल सापडतं, आणि पहिल्या टेबलावरच्या माणसांचं तोंड पुन्हा पाहावं लागत नाही. पांढुर्णा आणि सौसर मिळून हा खेळ खेळणारी मुलं मोजली तर दोन हातांची बोटं पुरतात. इथे ज्याला टेबलावरून उठवायचं त्याचे वडील आरतीला आपल्या शेजारी उभे असतात, त्याच्या आजीने आपल्या बारशाला पाळणा म्हटलेला असतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि नागपूर पलीकडे गेलं, आपण अलीकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून नवा जिल्हाही झाला. सरकारी कागद बदलत गेले तरी आपली माणसं तीच आहेत, आणि ती मोजकी आहेत. त्यांतलं एकही घर दुरावणं आपल्याला परवडत नाही. म्हणून ‘काढून टाका’ हे उत्तर आम्ही पहिल्या दिवशी दिलं नाही. ते उत्तर कधीच द्यायचं नाही असंही नाही. त्याकडे पुढे येऊ.

आम्ही जेव्हा यावर विचार करायला बसलो तेव्हा ज्ञान परदेशातून आणण्याची गरज नाही हे ध्यानात आलं. अवघड गड्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महागडा धडा आपल्या दाराशी, जाम नदीच्या पात्रात, दर वर्षी गिरवला जातो.

गोटमार तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण ही स्मरणिका बाहेरगावच्या नातेवाइकांकडेही जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपुरात मारबत निघते आणि आपल्या घराघरांतली मुलं लाकडी बैल फिरवतात त्याच दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या नदीपात्रात पळसाचं झाड रोवतात. त्यावर झेंडा. पूजा होते, नवस फेडले जातात. मग दोन्ही काठांवर माणसं उभी राहतात आणि गोटे सुरू होतात. पांढुर्णेकरांनी झाडापर्यंत पोहोचून ते तोडायचं आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावकरांनी तो राखायचा.

कथा अशी सांगतात की पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला. नदीच्या मधोमध ते असताना तिच्या माणसांनी दगड मारले, इकडून त्याच्या माणसांनी प्रत्युत्तर दिलं, आणि दोघंही पाण्यातच संपली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी ते देह चंडीमातेच्या देवळात नेले. सावरगावकर त्या झाडाला आपली लेक मानतात असंही सांगतात. भोसल्यांच्या सैन्याशी संबंध जोडणारी दुसरी कथाही ऐकू येते. खरं काय ते इतिहासाचे लोक ठरवोत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की गोटमारसुद्धा पात्र घेऊन खेळायचा खेळ आहे. त्या दिवशी एका काठाने मुलीच्या माहेरचं सोंग घ्यायचं आणि दुसऱ्याने मुलाच्या घरचं. संध्याकाळी सोंग उतरतं. दोन्ही गावं देवीसमोर एकत्र येतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानं, शेतीची कामं, सोयरीक सगळं पूर्वीसारखं चालू होतं.

या खेळात शेकडो माणसं दर वर्षी जखमी होतात. आजवर अनेकांचे जीव गेले आहेत, कित्येकांचे डोळे गेले आहेत. बंदीचे आदेश निघतात, दारूबंदी होते, शांतता समितीच्या बैठका होतात, कॅमेरे आणि ड्रोन लागतात, नदीकाठी डॉक्टरांचे तंबू पडतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते स्वीकारले नाहीत. हा खेळ असावा की नसावा यावर आज बोलत नाही. त्याला वेगळी सभा लागेल आणि ती एका संध्याकाळीत संपायची नाही. आम्ही बोलतो आहोत त्या खेळातल्या अवघड गड्याबद्दल. तो कोण? तो गोफणवाला.

गोफण हे शेतातलं अवजार. ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरं उडवायला ती केली. हाताने फेकलेला गोटा येताना दिसतो, चुकवता येतो. गोफणीतून सुटलेला गोटा दिसेपर्यंत लागलेला असतो. म्हणून गोफण चालवायला मनाई आहे, आणि तरी ती निघते. कुणी पिऊन येतो, कुणाचं वर्षभराचं वेगळंच वैर असतं, कुणाला नुसतं मिरवायचं असतं. त्याला हटकलं की तो काय म्हणतो? ‘परंपरा आहे.’

आमच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘माझं पात्रच तसं आहे.’ नदीकाठचा माणूस म्हणतो, ‘परंपरा आहे.’ दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच: हे मी करत नाही, माझ्याकडून कुणीतरी करवून घेतं आहे. याला उत्तरही एकच आहे. पात्र कुणी निवडलं? तूच ना? मग पात्र जे करतं त्याचा धनीही तूच. चोर दुसऱ्याच्या खजिन्यावरही हात मारू शकतो. परंपरेत गोटा आहे. गोफण तू घरून आणलीस.

आता या गोफणवाल्याशी काय केलं जातं ते पाहा. समोरच्या काठावरून एक गोफण फिरली की या काठावरूनही दुसरी निघते. म्हणजे खेळातल्या आगळिकीला खेळातच उत्तर. आमच्या सूत्रधार मुलाने राक्षस सोडला तेही नेमकं हेच होतं. त्याने मुलाची तक्रार पात्रावर काढली. त्याने काय साधलं? ज्याला शिक्षा झाली त्याला ती शिक्षा वाटलीच नाही, डाव खोटा खेळला असं वाटलं. आणि एका अर्थी ते खरंही होतं. फासा न टाकता मारणं हा रडीचाच डाव. म्हणजे ज्याची तक्रार होती तोच आता तक्रारदार झाला.

म्हणून आमची पहिली गोष्ट: माणसाचं भांडण खेळाच्या आत सोडवायचं नाही. भजनी मंडळात एकाचा आवाज सगळ्यांच्या वर जातो म्हणून पेटीवाल्याने मुद्दाम पट्टी चढवली, तर अभंगाची माती होते, आवाज काही कमी होत नाही. डाव थांबवायचा, फासे बाजूला ठेवायचे आणि माणसाशी माणूस म्हणून बोलायचं. तेही सगळ्यांसमोर नाही. चारचौघांत हटकलेला माणूस ऐकत नाही, स्वतःला वाचवत बसतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. बोलायचं कुणी?

नदीवर गोफणवाल्याला कोण थांबवू शकतं? पलीकडच्या काठावरचा माणूस नाही. त्याने कितीही ओरडून सांगितलं तरी तो शत्रूचा आवाज. पोलिस काही थांबवतात, पण हजारोंच्या गर्दीत ते किती ठिकाणी पुरणार? गोफण काढताना दिसते ती शेजारी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाला. त्याने मनगट धरलं तर गोफण फिरत नाही. आणि नेमका तोच बहुतेक वेळा गप्प असतो. कारण गोटा पलीकडे जाणार आहे, लागला तर तिकडच्याला लागणार आहे. काही वेळा तो गप्पच नसतो, शाबासकी देत असतो.

आमच्या टेबलावर हेच होतं. त्या मुलाच्या टिंगलीवर हसणारा एक मित्र त्याच्या शेजारी बसत असे. स्वतः कुणाला काही म्हणायचा नाही, फक्त हसायचा. तो हसला नसता तर टिंगल दुसऱ्या रविवारीच संपली असती असं आम्हाला वाटतं. म्हणून आम्ही सूत्रधाराला पाठवलं नाही, त्या मुलीला तर नाहीच नाही, आणि आम्ही वडीलधारेही गेलो नाही. गेला तो हा हसणारा मित्र. त्याला आम्ही एवढंच म्हटलं, ‘भाऊ, तुझ्या काठावरचा आहे तो. तूच बोल.’

महाभारतातली द्यूतसभा आठवून पाहा. त्या सभेत अवघड गडी कोण होता? आपण पटकन शकुनी म्हणतो. पण उठता येत असून न उठणारा युधिष्ठिरही अवघड गडीच होता. आणि त्या सभेत शहाण्यांची कमी नव्हती. विदुराने विरोध केला, पण तो कौरवांना आधीपासूनच पांडवांचा पक्षपाती वाटत होता. कौरवांपैकी बोलला तो एकटा विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. त्याचं कुणी ऐकलं नाही ही गोष्ट खरी. पण तो आपल्याच भावाविरुद्ध बोलला म्हणून आजही त्याचं नाव वेगळं घेतलं जातं. शंभर भावांतले दहा जण जरी विकर्णासारखे बोलले असते तर पुढचं चित्र काय झालं असतं, हा विचार करण्यासारखा आहे.

तर तो मित्र गेला. शनिवारी संध्याकाळी दोघं जामसावळीला जाऊन आले. वाटेत तो काय बोलला ते त्याने आम्हाला मोघम सांगितलं, आणि तेवढं पुरे होतं. ‘तू वाईट आहेस’ असं म्हणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. म्हणायचं ते नेमकं: ‘दुसऱ्या रविवारी तू तिला अमुक बोललास, ती त्यानंतर आली नाही. मी हसलो, मलाही आता ते बरं वाटत नाही. तुला या खेळातून हवं तरी काय?’

या शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर आलं त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. मुलगा म्हणाला, कंटाळा येतो. एका दाराशी पोहोचलं की बाकीचे तासभर चर्चा करत बसतात, उघडायचं की नाही. सूत्रधार कुणालाच घाई करत नाही. काही घडावं म्हणून मी पिशव्या कापतो.

तक्रार खोटी नव्हती. बाकीच्यांना विचारलं तेव्हा दोघांनी हळूच मान डोलावली. अवघड गड्याची वागणूक चुकीची असली तरी त्याला जे बोचतं ते बऱ्याचदा खरं असतं. इतर सोसतात आणि तो सोसत नाही, एवढाच फरक. ते ऐकून घ्यायचं. याचा अर्थ त्याने केलं ते माफ, असा नव्हे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातांनी धरायच्या.

अवघड गडी सगळे एका जातीचे नसतात हेही सांगायला हवं. एक असतो तो ‘सगळं मीच’वाला, त्याला गप्प बसवण्यापेक्षा काम द्यावं. आमच्या या मुलाला आता खेळाची बखर लिहायचं काम दिलं आहे. प्रत्येक रविवारी काय घडलं ते तो वहीत लिहितो, आणि ते लिहायचं तर दुसऱ्यांचं ऐकावं लागतं. दुसरा असतो वकील. नियमांचं पुस्तक उघडून दर पाच मिनिटांनी हरकत घेणारा. त्याला सांगावं, आत्ता सूत्रधार म्हणेल ते खरं, हरकत खेळ संपल्यावर लिहून दे. तिसरा येतो पण मोबाइलमध्ये असतो. त्याला बहुधा खेळच नको असतो, सोबत हवी असते. त्याला प्रेक्षक म्हणून बसू द्यावं. आणि चौथा असतो तो दुसऱ्याला दुखावण्यातच मजा घेणारा. पहिल्या तिघांना जे औषध चालतं ते चौथ्याला चालत नाही. त्याला एकदा स्पष्ट सांगायचं, एक संधी द्यायची, आणि नाही जमलं तर निरोप द्यायचा. ‘काढून टाका’ हे उत्तर इथे येतं. गाव लहान आहे म्हणून एका नव्या मुलीने दर रविवारी अपमान गिळावा, हा न्याय नाही. घरोबा जपायचा तो दोन्ही बाजूंचा. जी मुलगी बोलली नाही, नुसती यायची थांबली, तिचंही घर आपलंच आहे. आपल्या समाजात दार आपटून जाणाऱ्याची समजूत काढायला चार माणसं धावतात, आणि गुपचूप निघून गेलेल्याची कुणी चौकशीसुद्धा करत नाही. हे बदलायला हवं.

निरोप देतानाही एक पथ्य आहे. टेबलावरून उठवायचं ते टेबलावरूनच. मंडळातून नाही, पंगतीतून नाही, आरतीतून नाही. नागपूरच्या मारबतीत रोगराई आणि इडापीडेचा पुतळा करून तो गावाबाहेर नेऊन जाळतात. पुतळ्याशी तसं करावं. माणसाशी करू नये.

तिसरी आणि शेवटची गोष्ट: नियम खेळाच्या आधी ठरवायचे, आणि थांबायचा शब्द सगळ्यांच्या हातात द्यायचा. हा खेळ खेळणाऱ्या लोकांनी यासाठी दोन चांगल्या पद्धती काढल्या आहेत. कथा सुरू करण्याआधी एक बैठक घ्यायची. त्या दिवशी खेळायचं नाही, फक्त ठरवायचं: कथा कशी हवी, काय चालेल, काय चालणार नाही, सोबत्यांची चोरी करायची की नाही. दुसरी पद्धत जॉन स्टाव्रोपुलोस या अमेरिकन माणसाची. टेबलाच्या मध्यावर एक साधा कागद ठेवायचा, त्यावर फुली. कुणालाही, काहीही असह्य झालं तर त्याने त्या कागदाला हात लावायचा. कारण सांगायची सक्ती नाही. तो प्रसंग तिथेच सोडून कथा पुढे न्यायची.

हे ऐकून आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, ही तर टाइमप्लीज!’ अगदी बरोबर. लपाछपी खेळताना मुठीला थुंकी लावून ‘टाइमप्लीज’ म्हटलं की राज्य असलेल्या गड्यालाही थांबावं लागे. कुणी पडलं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, की टाइमप्लीज. लहान भावंडाला सोबत आणावं लागलं तर ते लिंबूटिंबू. खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला पुढच्या डावात पहिलं राज्य. म्हणजे दुबळ्याला सांभाळणं, जखमीसाठी थांबणं आणि लबाडाला आवरणं, या तिन्ही सोयी गल्लीतल्या पोरांनी कुणी न शिकवता करून ठेवल्या होत्या. मोठे झाल्यावर आपण त्या विसरतो. गोटमारीत टाइमप्लीज नाही. एखाद्याचं डोकं फुटलं तर त्याला उचलून नेतात, गोटे चालूच राहतात. ज्या खेळात थांबायचा शब्द नाही त्यात शेवटी जो सगळ्यांत क्रूर असेल त्याच्या पद्धतीने सगळ्यांना खेळावं लागतं.

आता टेबलाची हकिकत पुरी करतो. बैठक झाली. सोबत्यांची चोरी बंद, हे सर्वांनी मिळून ठरवलं. एका दाराशी दहा मिनिटांपेक्षा जास्त चर्चा नाही, हेही ठरलं. फुलीचा कागद मधोमध आला. सूत्रधाराने मेलेला चोर जिवंत केला नाही. मुलाने नवीन पात्र घेतलं, एका फिरत्या भाटाचं. ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली. आल्यावर तिने दोनदा त्या कागदाला हात लावला आणि दोन्ही वेळा कथा वळली. दुसरा जो गळाला होता तो मात्र आला नाही. त्याचं म्हणणं, आता मन उडालं. त्यालाही तो हक्क आहे. सगळंच सांधता येतं असं नाही. त्या दोन घरांतल्या बायका बोलू लागल्या आहेत. अजून जेवढ्यास तेवढं. महालक्ष्म्या यायच्या आहेत, आम्ही आशेवर आहोत.

पंधरा दिवसांनी पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, आणि तिथून तिसऱ्या दिवशी गणपती बसतील. आपल्यापैकी कित्येक घरांतली पोरं नदीवर जातील. जाऊ नका म्हटलं तरी जातील, हे आम्ही जाणतो. त्यांच्या आई-बापांना आणि काकांना आमची एवढीच विनंती आहे: पोरगं निघताना त्याला पलीकडच्या काठाबद्दल बजावू नका. आपल्या काठाबद्दल बजावा. शेजारच्याने गोफण काढली तर त्याचं मनगट धर म्हणावं. तो भाऊ असला तरी धर. भाऊ असेल तर आधी धर.

आणि मग गणपती येतील तेव्हा मंडपात, स्वयंपाकघरात, आरतीच्या क्रमावरून, नाटकातल्या भूमिकांवरून आपलीही गोटमार होईलच. दर वर्षी होते. एखाद्याचा आवाज वाढेल, एखादी कुणाला न सांगता यायची थांबेल. त्या वेळी समोरच्या गटाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या शेजारी कोण बसलं आहे आणि आपण कशाला हसतो आहोत, हे एकदा पाहून घेऊ. आणि जी आली नाही तिच्या घरी प्रसाद घेऊन जाऊ.

वाचनालयाची मागची खोली रविवारी दुपारी तीनपासून उघडी असते. दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. वीस बाजूंचा फासा आम्ही पुरवू.

गणपती बाप्पा मोरया!